रुफस टिडवेलच्या पायाचे चार ठोके

१

एकोणीसशे चौतीस सालच्या हिवाळ्यात मी आमच्या चर्चच्या बाकापुढे गुडघे टेकून एक नवस बोलले होते. आधी तीन बुधवार पाण्याचा थेंबही न घेता उपास केला आणि मगच बोलले, त्यामुळे तो सहज तोंडातून निसटलेला शब्द नव्हता. "प्रभू, माझ्या रुफसला स्वतःचा बँड मिळू दे. त्याच्या आवाजाची रेकॉर्ड निघू दे. निघाली, की तिची एक बाजू तुझी. त्या बाजूवर तो नाचाचं गाणं म्हणणार नाही, तुझं भजन म्हणेल."

रुफस तेव्हा शिकागोच्या स्टेशनवर लाल टोपी घालून लोकांच्या पेट्या उचलायचा आणि सुट्टीच्या दिवशी ज्याला गायक कमी असेल त्याच्या बँडमध्ये गायचा. आम्ही दक्षिण भागात, दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. खाली त्याच्या थोरल्या बहिणीचं, व्हर्नीसचं, केस सरळ करायचं दुकान होतं. रात्री ती आमच्याच मागच्या खोलीत झोपायची.

देवाने ऐकलं. दोन वर्षांत तेरा जणांचा बँड उभा राहिला. रुफसने नाव ठेवलं 'टिडवेलचे रेडकॅप'. व्हर्नीस म्हणाली, "पेट्या उचलून पाठ मोडली, तरी टोपी काही सोडवत नाही तुला." छत्तीसच्या नोव्हेंबरात पहिली रेकॉर्ड निघाली, 'रताळ्याची पाई'. दुसऱ्या बाजूवर भजन हवं असं मी सांगून पाठवलं होतं. कंपनीचे मिस्टर होल्क हसले म्हणे. नाचाच्या गाण्यामागे भजन कोण घेतो? पुढच्या वेळी बघू.

मी देवाला म्हटलं, पुढच्या वेळी.

आमच्या घरात घड्याळ होतं, पण मला त्याची गरज नव्हती. दाढीचा साबण फेसताना रुफसचं एक गाणं असायचं, बुटाच्या नाड्या बांधताना दुसरं, जिना उतरताना तिसरं. जेवायला बसलो की तो त्याच्या आईचं भजन म्हणायचा. ती मिसिसिपीत लोकांचे कपडे धुताना ते म्हणत असे. कुठल्या पुस्तकात ते नव्हतं, दुसऱ्या कुणाला येतही नव्हतं. 'दाराशी दिवा राहू दे, प्रभू, मी वाटेत आहे.' ते म्हणून झाल्यावरच मी भाजी वाढायची.

पहिली रेकॉर्ड केली त्याच्या दुसऱ्या दिवशी तो आरशापुढे उभा राहिला, साबण फेसला आणि नेहमीप्रमाणे 'रताळ्याची पाई' सुरू केलं. पहिल्या ओळीत थांबला. पुन्हा सुरू केलं. पुन्हा तिथेच थांबला.

"काय झालं?" मी स्वयंपाकघरातून विचारलं.

"काही नाही. पुढचं सापडत नाहीये."

"काल चार वेळा म्हटलंस ना? दमला असशील."

"हो," तो म्हणाला आणि त्याने न गाता दाढी केली. त्या घरात दाढीचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

२

मी शंकेखोर बाई नाही. पहिली कितीतरी वर्षं मी स्वतःची समजूत घातली. गाणारा माणूस, रोज धुराने भरलेल्या हॉलमध्ये गातो, घसा बसायचाच. तेच तेच गाऊन कंटाळा येत असेल. डॉक्टरांनी आरसा घालून घसा पाहिला आणि म्हणाले, लहान मुलासारखा स्वच्छ आहे.

पण जे गाणं रेकॉर्डवर गेलं, ते घरातून गेलं. बुटाच्या नाड्यांचं गाणं अडतीस साली गेलं. जिन्यातलं गाणं त्याच्या पुढच्या वर्षी. नुसते शब्द गेले असते तर मी कागदावर लिहून दिले असते, एकदा दिलेही. तो कागद हातात धरून तोंड उघडायचा आणि सूर यायचाच नाही. विहिरीत पोहरा टाकावा आणि पाण्याचा आवाजच येऊ नये, तसं.

हॉलमध्ये लोकांच्या लक्षात येत नव्हतं. ते गाणं आलं की तो पायाने चार ठोके देऊन चाल ठरवायचा आणि मग हसत बाजूला व्हायचा. ओळ ट्रम्पेटवर क्लीओफस वाजवायचा. क्लीओफस हा त्याचा सगळ्यात जुना सोबती, आमच्यासारखाच काळा, उंच, दर रविवारी आमच्याकडे जेवायला.

"मिस अर्डी," तो एकदा म्हणाला, "तुमच्या नवऱ्याने मला मोठा माणूस केला हं. सगळी गाणी मलाच देऊन टाकतो."

"तुझं नशीब," व्हर्नीस म्हणाली. "तुझ्या वाजवण्याने माझ्या दुकानातल्या बायकांचे केस आपोआप सरळ होतात. भीतीने."

सगळे हसले. रुफसही हसला. मग त्याने ताट पुढे ओढलं, डोळे मिटले आणि आईचं भजन म्हटलं. त्याचा आवाज जसाच्या तसा होता, खालच्या सुरात जरासा खरखरीत. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, हे आहे ना, मग सगळं आहे.

३

बेचाळीस साली वादकांच्या संघटनेने कंपन्यांशी मोबदल्याच्या भांडणावरून जाहीर केलं की पहिल्या ऑगस्टपासून कुणी रेकॉर्डसाठी वाजवायचं नाही. मग जुलैत जी घाई उडाली! कंपन्या बँडवाल्यांना सकाळी आठ वाजता बोलवायला लागल्या. मिस्टर होल्कनी निरोप पाठवला, दोन दिवसांत बारा बाजू हव्यात, म्हणजे बारा गाणी.

बारा बाजू म्हणजे रुफसजवळ होतं-नव्हतं ते सगळं. मी त्याच्यापुढे जाऊन बसले.

"जाऊ नकोस."

"का?"

"तुला माहीत आहे का ते."

तो बुटाला पॉलिश करत होता. "अर्डी, मी ज्या हॉटेलात गातो तिथे मला पुढच्या दारातून आत घेत नाहीत. पण माझी रेकॉर्ड पुढच्या दारातून जाते. बैठकीच्या खोलीत जाते. गोऱ्या बायका तिला मऊ कपड्याने पुसतात." मग हसला. "आमच्या दोघांपैकी एक तरी बसेल ना खुर्चीवर."

"आणि तू?"

"मी इथे. तुझ्यापाशी. जेवायच्या वेळचं आहे की माझ्याकडे."

म्हटलं, मग मीही येते.

रेकॉर्ड करायची खोली शहराच्या मधल्या भागात, एका इमारतीच्या पाचव्या मजल्यावर होती. मागच्या जिन्याने वर गेलो. भिंतींना जाड पांघरुणं लटकवली होती. एका बाजूला काच, काचेमागे होल्क आणि यंत्र, ज्यात मेणाची जाड चकती फिरायची. रुफसचे ठोके मेणावर उमटतात म्हणून होल्कनी त्याच्या पायाखाली उशी ठेवायला लावली होती. सगळे ठोके त्या उशीत बुडून जात.

"अर्डेलिया ना तू?" होल्क म्हणाले. ओळख कुणी करून दिली नव्हती. "तिथे कोपऱ्यात बस. खोकायचं नाही."

लाल दिवा लागला. रुफसचा पाय चार वेळा उशीत बुडाला. बँड उसळला. मी त्याच्यापासून आठ पावलांवर होते. त्याचे ओठ हलताना दिसत होते, गळ्याची शीर फुगताना दिसत होती. ट्रम्पेट कानठळ्या बसवत होतं, ढोल पोटात वाजत होता. पण रुफसचा आवाज मला त्याच्याकडून येत नव्हता. तो काचेमागून, होल्कच्या खोलीतल्या कर्ण्यातून येत होता. फक्त तिथूनच.

मी मनाला सांगितलं, भिंतींना पांघरुणं आहेत, अशा खोलीत आवाज फसवतो. बारा जणांचं वाजत असताना एका माणसाचं काय ऐकू येणार?

४

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बारापैकी अकरा बाजू झाल्या. रुफस भिंतीला टेकून उभा होता. घोटभर पाणी मागायलाही त्याला दोनदा प्रयत्न करावा लागला.

"एक कमी पडते," होल्क काचेमागून म्हणाले. "काहीही चालेल रे. अगदी काहीही."

क्लीओफसने वह्या उलटसुलट केल्या. "बॉस, संपलं. घरच्या मांजरीचं गाणं असेल तर म्हण."

तेव्हा मी उठले. कुणी मला बोलावलं नव्हतं, ढकललं नव्हतं. आठ वर्षं तो नवस माझ्या छातीवर दगडासारखा होता. दर रविवारी मी देवापुढे मान खाली घालून म्हणायची, पुढच्या वेळी. आणि ऑगस्टनंतर पुढची वेळ येणार की नाही हे कुणाला ठाऊक होतं? मला वाटलं, देवानेच ही एक बाजू रिकामी ठेवली आहे.

मी रुफसजवळ जाऊन हळूच सांगितलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं.

"तेवढं एकच उरलंय, अर्डी."

"ते गाणं नाही, रुफस. ते भजन आहे. बाकीची जगाला दिलीस म्हणून गेली. देवाला दिलेलं कुठे जातं? तो दुप्पट करून परत देतो."

"तुझी खात्री आहे?"

"आहे," मी म्हणाले.

माझी होती हो खात्री. आजही त्या 'आहे'चा आवाज माझ्या कानात आहे.

क्लीओफसने ट्रम्पेट खाली ठेवलं. "मिस अर्डी, नको," तो म्हणाला. मी त्याच्यावर डोळे वटारले. देवाच्या कामात हा नको म्हणणारा कोण?

होल्क म्हणाले, नाचाच्या रेकॉर्डमागे जाणार आहे, तेव्हा ठोके देऊनच सुरू कर, चाल मरगळलेली नको. म्हणून रुफसने आईच्या भजनालाही चार ठोके दिले. उशी कुणीतरी हलवली होती. पाय थेट फळीवर पडला.

ठक, ठक, ठक, ठक.

मग काचेमागून त्याचा आवाज आला. इतकं सुंदर तो कधीच गायला नव्हता.

५

त्या संध्याकाळी मी मक्याचा पाव केला, कोबी शिजवला. रुफस बसला, डोळे मिटले, तोंड उघडलं. आम्ही मान खाली घालून वाट पाहिली. खूप वेळाने व्हर्नीस म्हणाली, "कोबी गार होतोय." मी डोळे उघडले तर तो तसाच बसलेला, तोंड उघडं.

नंतर बोलणंही गेलं. एकदम नाही. आधी मोठी वाक्यं गेली, मग नावं. सप्टेंबरात एका दुपारी तो मला "अर्डी" म्हणाला, आणि ते शेवटचं. डॉक्टर म्हणाले, मनाचा थकवा आहे, विश्रांती द्या. क्लीओफस लढाईवर गेला. मी रुफसची खुर्ची खिडकीत ठेवली, रोज प्रार्थना करत राहिले. देव परत देईल, माझी खात्री होती.

जानेवारीत ती रेकॉर्ड बाजारात आली.

पहिल्यांदा झालं तेव्हा मी कपड्यांना इस्त्री करत होते. मागे ठोके ऐकू आले. चार. मी वळले. रुफसचा बूट खाली येऊन थांबला होता आणि त्याचे ओठ हलत होते. मी इस्त्री टाकून धावले. "रुफस! आलं? म्हण, म्हण ना!" आवाज नव्हता. पण गळ्याची शीर फुगत होती, छाती भरत होती, रिकामी होत होती. आणि खालून, व्हर्नीसच्या दुकानातून, फळ्यांमधून भजन वर येत होतं. कुणा गिऱ्हाइकाने नवी रेकॉर्ड आणली होती.

ऐकून त्याला आठवलं असेल, असं मला वाटलं. मी रडले, पण आनंदाने.

व्हर्नीसला पटलं नाही. "खालून सूर ऐकू येण्याआधी ठोके पडले, हे तूच सांगतेस ना?"

"सुरुवातीचे ठोके रेकॉर्डवर आहेतच. ते त्याला ऐकू आले असतील."

"केसांच्या गरम चिमट्यांचा खडखडाट चालू असताना? वरच्या मजल्यावर?" तिने हात पुसले. "उद्या बघू. मी खाली लावते, तू त्याच्यापाशी बस. दार-खिडक्या बंद, कानांत कापूस."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आम्ही तसं केलं. त्याच्या कानांत कापूस घालून वरून उशा दाबून मी उभी राहिले. मला स्वतःलाच काही ऐकू येत नव्हतं. बूट उचलला गेला. चार ठोके. ओठ उघडले. 'दाराशी दिवा राहू दे' मी ओठांवर वाचलं. 'प्रभू, मी वा—'

तिथे त्याचं तोंड थांबलं.

मिटलं नाही. थांबलं. जीभ वर टेकायला निघालेली मध्येच राहिली. छाती भरलेली, श्वास आत अडकलेला. डोळे माझ्याकडे वळले. मी उशा टाकल्या, त्याचे खांदे हलवले, जबडा मिटायचा प्रयत्न केला. हाड दगडासारखं झालं होतं. चेहरा काळानिळा व्हायला लागला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो माझ्याकडे बघत होता.

"व्हर्नीस!" मी जिन्यातून ओरडले. "काय केलंस तू?"

"सुई उचलली. बघावं म्हटलं काय होतं ते."

"लाव! लाव पुढे! तिथूनच लाव!"

सुई घसरल्याची खर्रर्र ऐकू आली. वर, खुर्चीत, रुफसने जीभ चावली.

मग भजन पुढे चालू झालं आणि शेवटपर्यंत गेलं. त्याचा श्वास सुटला. व्हर्नीस दारात उभी होती. त्यानंतर माझ्या नणंदेने त्या घरात कधी थट्टा केली नाही.

६

आमच्या घरची प्रत मी फोडली. लढाईसाठी भंगार गोळा करत होते, त्यात तुकडे देऊन आले. काय उपयोग? ती रेकॉर्ड डेट्रॉइटला होती, मेम्फिसला होती, सैनिकांच्या छावण्यांत होती, प्रत्येक हॉटेलातल्या, नाणं टाकलं की गाणं वाजवणाऱ्या ज्यूकबॉक्समध्ये होती. वसंत ऋतूपर्यंत त्याचं तोंड थांबेनासं झालं. त्याच्या जुन्या गाण्यांनाही आता मागणी आली. कधी ओठ एक शब्द धरायचे आणि त्याच वेळी दुसऱ्या शब्दाकडे ओढले जायचे. पाय ठोके देतच राहायचा. खालच्या फळीला खळगा पडला. मी बुटाखाली सतरंजी घातली, मग बूटच काढले, मग टाचेला फडकी गुंडाळली.

मी गाण्यांच्या मधल्या फटीत चमचा घालायला शिकले. लापशी, पाणी, पुन्हा लापशी. शनिवारी फट मिळतच नसे. गिळताना गाणं सुरू झालं तर ठसका लागायचा, आणि ठसक्यालाही आवाज नसे.

होल्कना पत्र लिहिलं. उत्तर आलं, छापील कागदावर. अभिनंदन, भजनाची बाजू सगळ्यांत जास्त चालली आहे. रुफसची तब्येत सुधारली की कळवा.

चर्चमध्ये मदर पेटीग्रू, आमच्यातल्या सगळ्यांत वयस्कर, भर सभेत उभ्या राहिल्या. "सिस्टर टिडवेलचा नवस फळला! नाचाच्या हॉलमध्ये देवाचं नाव पोचलं. आपण ही रेकॉर्ड दर रविवारी उपासनेआधी लावू." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बायका येऊन मला मिठ्या मारत होत्या. मी 'नको' म्हणाले असते तर कारण काय सांगणार होते?

मी ओठ ताणून हसत राहिले, आणि घरी व्हर्नीस त्याचं तोंड पुसत होती.

७

रुफस चव्वेचाळीसच्या फेब्रुवारीत, सकाळी दहा वाजता गेला. ओठ हलता हलता हळू झाले. मी देवाचे आभार मानले. बायकोने मानू नयेत, पण मानले. आता सुटला.

आमच्यात शवपेटी उघडी ठेवतात, वरचा अर्धा भाग, म्हणजे लोकांना चेहरा बघता येतो. राखाडी सूट, पांढरे हातमोजे. अंत्यविधी करणाऱ्याने ओठ आतून टाक्याने शिवले होते आणि ते छान मिटलेले दिसत होते. वर्षभराने मी ते मिटलेले पाहत होते. चर्च भरून बाहेर रस्त्यापर्यंत माणसं होती.

मी पेटीपाशी उभी होते, व्हर्नीस माझ्या मागे. मदर पेटीग्रू पुढे आल्या आणि म्हणाल्या, "ब्रदर टिडवेल आज आपल्यासाठी स्वतःच गाणार आहेत."

मी वळले, हात वर केला. व्यासपीठावरच्या ग्रामोफोनचं झाकण उघडंच होतं.

चार ठोके आले. ग्रामोफोनमधून आले, सगळ्यांनी ऐकले. पण माझा दुसरा हात पेटीच्या कडेवर होता, झाकलेल्या अर्ध्या भागावर, आणि लाकूड माझ्या तळव्याखाली चार वेळा हललं.

"काय होतं ते?" व्हर्नीस कुजबुजली.

"कुणाची तरी खुर्ची," मी म्हणाले.

भजन सुरू झालं. लोक रडायला लागले. "ऐका, जिवंत वाटतोय," कुणी म्हणालं. मी वाकले, जणू शेवटचा मुका घेते आहे, आणि हातरुमालासकट माझा तळवा त्याच्या ओठांवर दाबून धरला. सगळं संपेपर्यंत धरला. तीन मिनिटं. बाजूला झाले तेव्हा रुमालाला दोऱ्याचं एक टोक चिकटलेलं होतं. मी रुमालाची घडी केली, व्हर्नीसकडे पाहिलं नाही, आणि पेटी बंद करा म्हणून सांगितलं.

आता नव्या, खूप वेळ वाजणाऱ्या तबकड्या निघाल्या आहेत. रुफसची सगळी गाणी एकीवर मावतात. मध्ये फट राहत नाही. मला पत्रं येतात, तुमच्या पतीचा आवाज आमच्या घरात रोज असतो. प्रेमाने लिहितात. मी रागावत नाही. तुम्ही ऐकू नका असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? त्याला लोकांच्या घरात पुढच्या दाराने जायचं होतं.

पण मी देवापुढे पुन्हा गुडघे टेकले आहेत. या वेळी काही मागितलं नाही, फक्त दिलं. रविवार उजाडल्यापासून मावळेपर्यंत माझ्या घरात कुणाचंही गाणं वाजणार नाही, मी स्वतःही गुणगुणणार नाही. आमच्या रस्त्यावरच्या अकरा घरांनी माझ्याबरोबर तसा शब्द दिला आहे. कारण विचारलं नाही, म्हातारीचं मन राखलं. देव एक दिवस सगळ्यांना विसावा देतो, मातीखालच्यांनाही देत असेल, अशी माझी आशा आहे.

तुमच्याकडे त्याची तबकडी असेल, तर तुम्हीही द्या असा शब्द. बाकीचे सहा दिवस तुमचे. रविवारी तेवढं त्याला गप्प राहू द्या.